काकु कोणाची? : श्राव्य पुस्तके, नट आणि वाचनाचे उत्तरदायित्व

प्लेटोच्या 'आयॉन' या छोटेखानी संवादात सॉक्रेटिस एका नामवंत काव्यपाठकाची गाठ घेतो. इफेससचा हा आयॉन एपिडॉरस येथील उत्सवात काव्यपाठाचे पहिले पारितोषिक जिंकून आलेला आहे, आणि होमरविषयी आपल्याइतके सरस बोलणारा दुसरा कोणी नाही अशी त्याची खात्री आहे. मात्र अन्य कवींचा विषय निघाला की त्याला डुलकी येऊ लागते. होमरचे नाव कानी पडताच तो खडबडून जागा होतो. सॉक्रेटिस या कबुलीवर नेमके बोट ठेवतो. पाठकाजवळ खरोखर एखादी विद्या असती, तर ती एकाच कवीपाशी अडली नसती. चित्रकलेची पारख असणारा मनुष्य एकाच चित्रकाराविषयी बोलू शकतो आणि इतरांच्या चित्रांपुढे झोपी जातो असे घडत नाही. ज्याअर्थी आयॉनचे सामर्थ्य होमरपाशी संपते, त्याअर्थी ती विद्या नव्हे, तो संचार आहे. लोहचुंबकाला लागलेल्या कड्यांच्या साखळीप्रमाणे देवता कवीला, कवी पाठकाला आणि पाठक श्रोत्यांना ओढून धरतो, इतकेच.

सॉक्रेटिसच्या या परीक्षेत सहज उत्तीर्ण व्हावा असा पाठक आज आपल्यासमोर आहे. स्टीफन फ्राय हा इंग्रज नट आणि लेखक गेली पंचवीसहून अधिक वर्षे पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करीत आला आहे. जे. के. रोलिंगच्या हॅरी पॉटर मालिकेचे ७ खंड १९९९ पासून ब्रिटनमध्ये त्याच्या आवाजात प्रसिद्ध होत गेले. डग्लस अ‍ॅडम्सची अंतराळप्रवासाची विनोदी कादंबरी त्याने वाचली. शेरलॉक होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा मिळून ७० तासांहून दीर्घ असे त्याचे ध्वनिमुद्रण २०१७ साली आले. ऑस्कर वाइल्डच्या कथा त्याने वाचल्या, पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या पद्यकादंबरीचा जेम्स फॅलनकृत इंग्रजी अनुवाद वाचला, आणि स्वतःच पुन्हा सांगितलेल्या ग्रीक पुराणकथाही वाचल्या. बालकांची अद्भुतकथा, रहस्यकथा, विज्ञानविनोद, पद्य, पुराण, आत्मचरित्र : यांपैकी कोठेही त्याला डुलकी आल्याचे ऐकणाऱ्यास जाणवत नाही.

तर मग येथे ती विद्या आहे काय? असल्यास ती कशाची आहे? एकाच माणसाला पुश्किनचे, वाइल्डचे आणि होम्सचे सारखेच ज्ञान असेल असे मानण्याचे कारण नाही, आणि नटाकडून तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. तरीही त्याच्या वाचनातून आपणांस जे मिळते ते केवळ स्वरमाधुर्य नव्हे, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखात या 'जे मिळते त्या'चे स्वरूप आणि त्यातून उद्भवणारी नैतिक जबाबदारी यांचा विचार करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ व्यवसायाचा वा तंत्रज्ञानाचा आहे, साहित्यविचाराचा नव्हे, असे समजून समीक्षेने त्याकडे पाठ फिरवली आहे. वाचक आणि संहिता यांच्या संबंधावर गेल्या अर्धशतकात एवढे लिहिले गेले. पण दोहोंच्या मध्ये तिसरा मनुष्य येऊन बसला म्हणजे काय होते, हे विचारण्याचे मात्र आपण बहुधा टाळले.

प्रसिद्ध नटाच्या वाचनावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा की, त्याच्या ओळखीच्या आवाजाने सगळी पुस्तके एकाच रंगात बुडतात. वाइल्ड काय, वॉटसन काय, शेवटी ऐकू येतो तो फ्राय. हा आक्षेप वाटतो तितका खोल नाही. रोलां बार्थने १९७२ साली गायकाच्या आवाजातील ज्या 'पोता'विषयी लिहिले, तो देहाचा अंश कोणत्याही उच्चारात असतोच. अनोळखी माणसाच्या आवाजालाही वय, वर्ग, प्रांत आणि लिंग असते. आपण त्याला ओळखत नाही म्हणून तो आवाज निर्मळ ठरत नाही. शिवाय कान सवयीने आवाजाच्या पोताला लवकरच मागे सारतो. पहिल्या तासात फ्राय ऐकू येतो, तिसऱ्या तासात गोष्ट. खरी अडचण स्वराच्या सारखेपणात नाही. ती आवाजाने वाक्यावाक्याला घेतलेल्या निर्णयांत आहे. त्यासाठी आपल्या काव्यशास्त्रात एक नेमकी संज्ञा आहे, आणि ती आपण फारशी वापरीत नाही याचे नवल वाटते.

ती संज्ञा म्हणजे काकु. भरताने नाट्यशास्त्रात पाठ्याचा विचार करताना काकूचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन प्रकार सांगितले आहेत : जिचा अर्थ अजून पुरा व्हावयाचा आहे ती एक, जिचा झाला आहे ती दुसरी. पुढे मम्मटाने काकूमुळे आक्षिप्त होणाऱ्या अर्थाचे उदाहरण म्हणून 'वेणीसंहारा'तील भीमाचे उद्गार घेतले. नुसते शब्द पाहिले तर भीम कौरवांना मारणार नाही असे सांगतो आहे. उच्चार ऐकला तर मारल्यावाचून राहणार नाही असे. शब्द तेच, अर्थ उलट. येथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो काकूच्या मालकीबद्दल. नवव्या शतकातील रुद्रटाने काकुवक्रोक्ती हा शब्दालंकार मानला, म्हणजे तिला काव्याच्या अंगात जागा दिली. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त त्याचे नाव घेऊन हे मत खोडून काढले. काकु हा पाठाचा धर्म आहे, अभिप्राय असलेला पाठधर्म. तो अलंकार कसा होईल, असे त्याचे म्हणणे. ज्या अध्यायात तो हा वाद घालतो त्याच अध्यायात देशोदेशीच्या लोकांच्या पठणपद्धतींची मोठी रंजक झडती आहे, आणि काव्य कसेबसे करणारे पुष्कळ असले तरी पठण ज्याला सरस्वती सिद्ध झाली त्यालाच साधते, अशा आशयाचे विधानही आहे. काव्यरचनेपेक्षा काव्यपठण दुर्मीळ मानणारा हा शास्त्रकार श्राव्य पुस्तकांच्या युगाला जवळचा वाटावा.

रुद्रट आणि राजशेखर यांच्यातील हा वाद अलंकारांच्या वर्गीकरणाचा क्षुल्लक तंटा नाही. काकु जर संहितेत असेल, तर वाचणारा तिचा शोध घेतो. चुकला तर त्याची चूक दाखविता येते. काकु जर पाठात असेल, तर वाचणारा ती निर्माण करतो. मग त्याला चूक म्हणावयाचे कशाच्या आधारे? माझ्या मते राजशेखराचा पक्ष अधिक बळकट आहे, पण त्यातील 'अभिप्रायवान' हे विशेषण विसरून चालणार नाही. काकु पाठात असली तरी ती पाठकाची लहर नव्हे. तिच्यामागे अभिप्राय आहे, आणि अभिप्राय म्हटला की तो कोणाचा, हे विचारता येते. मूक वाचक हा प्रश्न टाळू शकतो. कागदावरील वाक्य त्याच्या मनात दोन-तीन स्वरांत एकाच वेळी तरंगत राहू शकते. इन्गार्डनने ज्यांना अनिश्चिततेची स्थळे म्हटले ती त्याला भरावीच लागतात असे नाही. मोठ्याने वाचणाऱ्याला ही सवलत नाही. तोंड उघडले की निर्णय झाला. अभिवाचक हा अनिर्णयाचा हक्क गमावलेला वाचक होय.

या निर्णयाला नैतिक वजन कसे येते, हे पाहण्यासाठी श्राव्य पुस्तकांच्या बाहेरचे एक उदाहरण घेऊ. 'मादाम बोव्हारी' १८५६ च्या अखेरीस 'रव्ह्यू द पारी'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८५७ च्या आरंभी फ्लोबेरवर सार्वजनिक नीतिमत्तेचा भंग केल्याचा खटला चालला. सरकारी वकील एर्नेस्त पिनार याने न्यायालयात कादंबरीतील उतारे वाचून दाखविले. त्यांपैकी एक प्रसिद्ध उतारा एमा प्रियकराकडून परतल्यावर आरशापुढे उभी राहते तेथला आहे. आपल्याला प्रियकर मिळाला या जाणिवेने ती हरखून जाते, आणि निवेदन तिच्या त्या आनंदाचे वर्णन जणू वस्तुस्थिती सांगावी अशा सुरात करते. आपण ज्याला मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतो त्या पद्धतीची ही वाक्ये : व्याकरण निवेदकाचे, मन एमाचे. पिनारने ती लेखकाची विधाने म्हणून वाचली, आणि व्यभिचाराचे गौरवगान म्हणून न्यायाधीशांपुढे ठेवली. बचावाचे वकील सेनार यांनीही पाने वाचली, ती वेगळ्या संदर्भात आणि साहजिकच वेगळ्या सुरात. ७ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्लोबेर निर्दोष सुटला. याउस याने या खटल्याचा दाखला वाङ्मयप्रकार आणि वाचकांचे अपेक्षाक्षितिज यांच्या संदर्भात दिला आहे. मला त्यात काकूचा खटला दिसतो. दोन वकील, एक संहिता, आणि वाक्य कोणाच्या तोंडी घालावयाचे यावर माणसाची सुटका अवलंबून. पिनारला अक्षरे वाचता येत नव्हती असे नाही. ज्या वाक्यात दोन आवाज होते ते त्याने एका आवाजात म्हटले, आणि तो आवाज ज्याचा नव्हता त्याच्या माथी मारला.

कादंबरी मोठ्याने वाचणारा प्रत्येक नट दर पानाला या प्रसंगातून जातो. फरक इतकाच की त्याच्यासमोर न्यायाधीश नसतात. एमाचा आनंद तिच्याच भाबडेपणाने वाचावा, तर श्रोता तिच्याबरोबर वाहून जाईल. किंचित उपरोध घालावा, तर लेखक आपल्या नायिकेला हसतो असे होईल. दोहोंच्या मधला सूर सापडणे अशक्य नाही, पण तो सापडल्यावरही तो एकच सूर असतो.

याहून कठीण प्रसंग रहस्यकथेत येतो, आणि तो श्राव्य पुस्तकांच्या इतिहासाच्या अगदी उंबरठ्यावरच आला. ब्रिटनमध्ये दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तके १९३५ साली सुरू झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज हे त्यामागील एक मोठे कारण होते. आरंभीच्या पुस्तकांत कॉनरॅडची 'टायफून' होती, आणि अगाथा ख्रिस्तीची १९२६ साली प्रसिद्ध झालेली 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' होती. ही दुसरी निवड कोणी जाणूनबुजून केली असेल असे नाही. पण वाचनाच्या नीतिशास्त्रासाठी यापेक्षा चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. या कादंबरीचा निवेदक डॉक्टर शेपर्ड हाच खुनी आहे. तो सहसा उघड खोटे बोलत नाही. तो वगळतो, आणि वगळलेल्या जागेवरून साध्या वाक्याचे पांघरूण ओढतो. पहिल्या वाचनात ती वाक्ये पूर्ण, शांत, निराकांक्ष वाटतात. शेवट कळल्यानंतर परत आलो की तीच वाक्ये साकांक्ष होऊन बसलेली असतात. दोनशे पानांनंतर येणाऱ्या दुसऱ्या वाक्याची ती पहिल्यापासून वाट पाहत होती.

आता ही कादंबरी मोठ्याने कशी वाचावी? वाचणाऱ्याला शेवट ठाऊक आहे. त्याने त्या वाक्यांत जरा जरी थांबा घेतला, तर रहस्य फुटेल. त्याने ती अगदी निरागसपणे वाचली, तर तो शेपर्डच्या कपटात सामील होतो. किंबहुना शेपर्डपेक्षा अधिक सामील, कारण शेपर्डचे शब्द तांत्रिक अर्थाने खरे आहेत, पण निरागसतेचा सूर मात्र वाचणाऱ्याने स्वतःचा दिला आहे. येथे नट खोटे बोलला काय? नाटकातील सोंगाप्रमाणे हे सर्वांना ठाऊक असलेले असत्य आहे असे म्हणून सुटका होत नाही. रंगभूमीवर खलनायक सोंग घेतो ते प्रेक्षकाला माहीत असते. येथे श्रोता वाचणाऱ्याला विश्वस्त समजून ऐकत असतो, पात्र समजून नव्हे. माझे उत्तर असे की, अभिवाचकाची निष्ठा श्रोत्याच्या त्या क्षणीच्या समजुतीशी नसून पुस्तकाने श्रोत्यासाठी आखलेल्या संपूर्ण प्रवासाशी असते. शेपर्डचे वाक्य आज निराकांक्ष वाचणे हे उद्या ते साकांक्ष व्हावे यासाठी आहे. चांगला वाचक ते असे वाचतो की दुसऱ्यांदा ऐकताना तोच सूर, तीच लय फसवी नव्हे तर अचूक वाटावी. ही विद्या आहे. ती होमरची नाही, ख्रिस्तीचीही नाही. ती वाक्याच्या येणाऱ्या काळाची आहे, आणि म्हणूनच वाङ्मयप्रकार बदलला तरी तिचा उपयोग संपत नाही. सॉक्रेटिसला हा पर्याय सुचला नाही, कारण त्याने पाठकाला कवीच्या विषयांचा जाणकार म्हणून तपासले : रथ हाकणे, औषध देणे, सैन्य चालविणे.

होम्सच्या कथांतील गुंतागुंत निराळी आहे. त्या बहुतेक वॉटसनने सांगितलेल्या आहेत. म्हणजे होम्सचे बोलणे आपणांस वॉटसनच्या स्मरणातून मिळते. नट होम्सचा आवाज काढतो तेव्हा तत्त्वतः तो, वॉटसन होम्सची जी नक्कल करील, तिची नक्कल करीत असतो. परंतु 'द ब्लांच्ड सोल्जर' आणि 'द लायन्स मेन' या दोन कथा होम्स स्वतः सांगतो. तेथे होम्सचा आवाज तोच ठेवावा काय? ठेवला तर इतक्या कथांतून वॉटसनने जो होम्स घडविला त्याचे घडविलेपण पुसले जाते. बदलला तर श्रोता गोंधळतो. कागदावर वाचताना हा प्रश्न आपणांस बहुधा पडतच नाही. मोठ्याने वाचणे हे असे प्रश्न उकरून काढते, आणि समीक्षकांनी त्याबद्दल नटांचे आभार मानावयास हरकत नाही.

एकच संहिता दोन प्रतिष्ठित आवाजांत उपलब्ध असणे ही विचाराला सोयीची स्थिती. हॅरी पॉटरच्या बाबतीत ती आयतीच मिळाली. ब्रिटनमध्ये फ्राय, तर अमेरिकेत जिम डेल हा इंग्रज नट. दोन देशांतील मुलांची एक पिढी तीच पुस्तके दोन काकूंत ऐकत वाढली. डेलची कीर्ती आवाजांच्या बहुलतेसाठी आहे. मालिकेच्या एकेका खंडात त्याने शंभराहून अधिक पात्रांना निरनिराळे आवाज दिले. फ्रायही पात्रे वेगळी करतो, पण त्याचा तोल निवेदकाकडे अधिक राहतो. डेलच्या वाचनात कादंबरीचे नाटक होते. फ्रायच्या वाचनात एक मनुष्य दुसऱ्यांची बोलणी सांगतो आहे ही जाणीव टिकते. मला दुसरी पद्धत कादंबरीच्या स्वभावाला अधिक धरून वाटते. कादंबरीत परक्याचे बोलणे कोणाच्या तरी बोलण्यात अडकलेले असते, हे बाख्तिनने आपणांस शिकविले आहे. प्रत्येक पात्राला संपूर्ण सुटा आवाज दिला की ही अडकण सुटते, आणि तिच्याबरोबर बरेच काही सुटते. अर्थात मुलांना डेल आवडतो, आणि त्यांच्या आवडीला माझ्या बाख्तिनची गरज नाही.

फ्राय एक किस्सा सांगत असतो. मालिकेच्या एका खंडात हॅरीने वस्तू खिशात टाकली अशा अर्थाचे तीन साधे इंग्रजी शब्द त्याच्या जिभेला वळेनात. त्याने लेखिकेला विचारले, थोडा बदल चालेल का? तिने नकार दिला, आणि पुढील पुस्तकांतही तेच शब्द आवर्जून घातले. किस्सा गमतीचा आहे, पण गमतीपुरता नाही. रोलिंगने संहितेचा हक्क राखला, पाठकाने तो मानला, आणि जीभ वळविली. संहितेने पाठकाला दिलेला हा प्रतिकार पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

मराठी वाचकाला या साऱ्यात परके काही नाही. 'वाचणे' हे क्रियापदच संस्कृतातील 'वाचयति'पासून, म्हणजे बोलावयास लावणे या अर्थापासून आलेले आहे. आपल्या भाषेत वाचणारा ग्रंथाला बोलता करतो. पोथी सांगणारा पुराणिक ओवी वाचतो आणि मग निरूपण करतो, तेव्हा काकूचा निर्णय आणि त्याचे स्पष्टीकरण यांत क्षणाचेही अंतर नसते. श्रोत्याने विचारले तर तो थांबून उत्तर देतो, निदान द्यावे अशी अपेक्षा असते. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आल्यानंतर मराठी पुस्तके नटांच्या आवाजात मोठ्या संख्येने ऐकली जाऊ लागली. आपल्याकडे अभिवाचन हा शब्द आणि तो प्रयोग आधीपासून रूढ होता. पण अभिवाचनाला सभागृह होते, समोर माणसे होती. ध्वनिमुद्रणाच्या काचेमागे बसलेल्या नटासमोर कोणी नसते. आयॉन कबूल करतो की होमरच्या करुण ओळी म्हणताना आपले डोळे भरून येतात, आणि त्याच वेळी आपण श्रोत्यांकडे पाहत असतो. ते रडले तर पैसे मिळणार म्हणून आपण हसू, ते हसले तर आपल्यावर रडण्याची पाळी. या एका वाक्यातील प्रामाणिकपणासाठी मी आयॉनला बरेच माफ करीन. ध्वनिमुद्रणातील वाचकाला ही तिरकी नजर मिळत नाही. त्याचे श्रोते अजून जन्मलेलेही नसतील. त्यामुळे तो लोकानुनयापासून काहीसा सुटतो. पण पुराणिकाला असलेली प्रश्नाची जागाही त्याच्याजवळ उरत नाही. तिच्या ऐवजी उरते ते त्याचे नाव. श्राव्य पुस्तकाच्या आरंभी लेखकाच्या नावापाठोपाठ वाचकाचे नाव उच्चारले जाते. बाजाराच्या दृष्टीने ती जाहिरात आहे. माझ्या दृष्टीने ती स्वाक्षरी आहे : या काकूंची जबाबदारी माझी.

येथे देरिदाचा वाचक हरकत घेईल की, आवाजाला असे श्रेष्ठत्व देणे म्हणजे जुनीच वाक्केंद्रितता. हरकत रास्त आहे, पण गैरलागू आहे. ध्वनिमुद्रण हेही लेखनच. उच्चारणाऱ्याच्या अनुपस्थितीत पुन्हा पुन्हा घडू शकणे हे लेखनाचे लक्षण त्याला पुरेपूर लागू पडते. मी येथे उपस्थितीचा दावा करीत नाही, स्वाक्षरीचा करतो आहे. स्वाक्षरी अनुपस्थितीतच उपयोगी पडते.

आणि स्वाक्षरीच्या बाजूनेच अलीकडे पेच पडला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या एका परिषदेत फ्रायने एका माहितीपटाच्या निवेदनाचा अंश ऐकवला. आवाज त्याचा होता; त्यातील एकही शब्द त्याने उच्चारलेला नव्हता. हॅरी पॉटरच्या ७ खंडांचे त्याचे वाचन यंत्राला पुरवून तो आवाज तयार करण्यात आला होता, त्याच्या नकळत. चोरी ही चोरीच, आणि तिच्याविषयी फारसे तत्त्वचिंतन करण्याची गरज नाही. अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण चोरीचे नाही, संमतीचे आहे. एडवर्ड हर्मन हा अमेरिकन नट २०१४ साली वारला. त्याने हयातीत अनेक पुस्तके वाचली होती. त्याच्या कुटुंबीयांच्या परवानगीने त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून कृत्रिम आवाज बनविला गेला आणि त्या आवाजात त्याच्या मृत्यूनंतर नवी श्राव्य पुस्तके निघाली. कोणाचे आर्थिक नुकसान झाले नाही, कोणाची फसवणूक करण्याचा हेतू नव्हता. मग खटकते काय?

बहुतेकांचे उत्तर असे की त्यात प्राण नाही, पोत नाही. हे उत्तर टिकणारे नाही. पोताची नक्कल आज पुष्कळच साधली आहे, उद्या अधिक साधेल. कानाला फरक कळेपर्यंतच टिकणारा आक्षेप हा आक्षेप नव्हे. दुसरे उत्तर असे की यंत्राला पर्याय नसतात, ते एकाच ठरीव रीतीने वाचते. हेही खरे नाही. यंत्रही अनेक शक्यतांतून एक सूर उचलते. अडचण अशी की, त्या उचलण्याला अभिप्राय कोणाचा, हे विचारावयास तेथे कोणी नाही. राजशेखराच्या शब्दांत सांगावयाचे तर तेथे पाठधर्म आहे आणि अभिप्राय नाही. कुटुंबीय आवाजाला संमती देऊ शकतात. वारसा हक्काने स्वर मिळतो. वाक्य कोठे तोडावे हा निर्णय वारशात येत नाही. हर्मनने ते पुस्तक पाहिलेलेही नाही. त्यातील तीन शब्द त्याच्या जिभेला जड गेले नाहीत, त्याने लेखकाला विचारले नाही, लेखकाने त्याला नकार दिला नाही.

यावर एक गंभीर प्रतिवाद आहे आणि तो बोलक्या पुस्तकांच्या मूळ श्रोत्यांकडूनच येतो. कुर्झवाइलचे छापील मजकूर मोठ्याने वाचणारे यंत्र १९७६ सालीच आले. तेव्हापासून असंख्य दृष्टिहीन वाचक यंत्राच्या सपाट आवाजात, पुष्कळदा अतिशय जलद गतीने, पुस्तके वाचीत आले आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांना नटाच्या अभिनयापेक्षा तो सपाटपणाच पसंत असतो. बोलक्या पुस्तकांच्या परंपरेतही वाचणाऱ्याने पुस्तकाच्या आड येऊ नये अशी मागणी पहिल्यापासून होत आली. ज्या पुस्तकांना कोणताही नट कधी हात लावणार नाही, त्यांचे काय? माझा आक्षेप यंत्रवाचनालाच असेल तर तो या वाचकांच्या तोंडचा घास काढून घेणारा ठरेल.

पण तो तसा नाही. सपाट आवाजाचे यंत्र काकूचा दावाच करीत नाही. ते अक्षरांचे ध्वनी करते आणि निर्णय ऐकणाऱ्यावर सोडते. त्या सपाट प्रवाहात काकु घालण्याचे काम श्रोता स्वतः, मनातल्या मनात, मूक वाचकासारखेच करीत असतो. शेपर्डचे वाक्य ते यंत्र निरागसपणे वाचत नाही, कपटानेही वाचत नाही. त्याच्या बोलण्यात विश्वासघाताला जागा नाही, कारण त्याने विश्वास मागितलेलाच नाही. हर्मनचा घडविलेला आवाज मात्र थांबतो, किंचित खाली येतो, एखाद्या शब्दापूर्वी श्वास घेतो. तो श्वास कोणी घेतलेला नाही, पण ऐकणाऱ्याला वाटते की तेथे कोणी तरी काही समजून थांबले आहे. वाचणाऱ्याला शेवट ठाऊक आहे असे मानून श्रोता त्या थांब्याचा अर्थ लावू लागतो. रात्री कधीतरी तो ध्वनिमुद्रण मागे नेतो, तेच वाक्य पुन्हा ऐकतो, आणि हर्मनला त्या जागी काय दिसले असावे याचा विचार करीत बसतो.